कुंदाबाईंचं पाणी

मासे देऊन टाका, असं कुंदाबाई वानखडेंना सांगणाऱ्यांत माझा नंबर तिसरा होता. पहिले त्यांचे डॉक्टर, दुसरी त्यांची मुलगी मेधा. डॉक्टरांचं त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मुलीशी भांडल्या, आणि माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत.

आम्ही एकाच कॉलेजात सव्वीस वर्षं होतो. मी मुलींना फिजिक्स शिकवायचो, त्या फिजिक्सच्या लॅबमध्ये अटेंडंट होत्या. कागदावर तसं होतं. खरं म्हणजे मी फळ्यावर जे लिहून मोकळा व्हायचो ते टेबलावर घडवून आणायचं काम त्यांच्याकडे होतं. वडील अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आलेले. नवरा लवकर गेला तेव्हा मेधा तीन वर्षांची होती. शिक्षण दहावी. बाकी सगळं त्या लॅबमध्येच शिकल्या, तेही कुणी शिकवलं म्हणून नाही, तर उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे म्हणून. त्यांच्या पर्समध्ये रुमालाशेजारी स्क्रू-ड्रायव्हर असायचा. मनगटावर मोठ्या आकड्यांचं पुरुषी घड्याळ. एखादं उपकरण बिघडलं आणि मी वैतागलो की म्हणायच्या, "ते रुसलं नाही सर, ते सांगून राहिलं. आपल्याले ऐकू येत नाही."

एकदा प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. एका मुलीचं रीडिंग काही केल्या जमेना, गॅल्व्हनोमीटरचा काटा एकाच बाजूला लटकून बसलेला. परीक्षकांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं की वर्षभर काय केलंस, आणि पोरगी रडायच्या बेताला आली. मी शेजारीच उभा होतो. मीटर खराब असणार हे माझ्याही लक्षात आलं होतं. पण बाहेरच्या माणसासमोर आपल्या लॅबचं उणं काढायचं माझ्या जिवावर आलं. कुंदाबाई कपाटाकडून आल्या आणि म्हणाल्या, "पोरगी बरोबर आहे सर, काटा चुकून राहिला."

परीक्षकांनी विचारलं, "आप अटेंडेंट हैं न?"

"हव," म्हणाल्या, आणि पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यांनी तिथल्या तिथे मीटरचं झाकण उघडलं. आतली केसासारखी स्प्रिंग वाकलेली होती. उघडं मीटर त्यांनी परीक्षकांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि मुलीसाठी दुसरं आणायला गेल्या. नंतर प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या. 'मीटर खराब होते. मुलगी नव्हती.' खाली ठसठशीत सही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जरा जपूनच बोलायला लागलो.

निवृत्त झाल्यावर आठवड्याभरात त्यांनी तात्यापारा मोहल्ल्यातल्या आपल्या दोन खोल्यांत चार फुटी फिशटँक आणून ठेवला. मी चौबे कॉलोनीतून स्कूटरवर पाहायला गेलो. अकरा एंजल मासे, पतंगासारखे, सावकाश फिरणारे. मासेच का, असं विचारलं तर म्हणाल्या की तीस वर्षं बंद पडलेल्या वस्तू चालवल्या, आता आपणहून चालणारं काही पाहायचं आहे.

पण रायपूरच्या उन्हाळ्यात फिशटँक आपणहून चालत नाही. एप्रिल लागला की इथली हवा दोरीवरचं लुगडं दहा मिनिटांत कडक करते. टँकचं पाणी तापतं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. त्यावर कुंदाबाईंनी टँकच्या काठाला एक छोटा पंखा बांधला. वारा लागला की पाणी उडतं आणि उडता उडता गार होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. ते किती उडतं हे मला त्यांच्याकडे कळलं. दिवसाला तीन लिटर. दोन दिवस भर घातली नाही की पातळी उतरायची, मागे अडकवलेला फिल्टर हवा ओढून गुरगुरायचा आणि बंद पडायचा. शिवाय उडतं ते नुसतं पाणी, त्यातले क्षार मागेच राहतात. म्हणून बोअरचं जड पाणी त्या टाकत नसत. घरातल्या पिण्याच्या पाण्याच्या आरओचं पाणी बादलीत भरून, स्टुलावर चढून, हळूहळू ओतायच्या. रोज सकाळी. चार वर्षं हे सुरळीत चाललं.

मग त्यांची किडनी गेली.

सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस सुरू झालं. चार तास मशीनवर, येण्याजाण्याचा वेळ वेगळा. डाव्या हातात नस जोडायचं ऑपरेशन झालं होतं, त्या जागी त्वचेखाली सतत एक थरथर असायची. भेटायला गेलेल्या माणसानं सहानुभूतीचा सूर लावला की त्या हात पुढे करायच्या. "बोट ठेवून पाहा. मोटर चालू आहे." सहानुभूती तिथंच थांबायची. त्या हातानं वजन उचलायला कायमची मनाई होती, घड्याळसुद्धा उजव्या हातावर आलं. आणि पाणी मोजून. दिवसाला एक लिटर, त्यात चहा, वरण, गोळ्या गिळायचे घोट सगळं आलं. भर मे महिन्यात बाई तोंडात लवंग धरून बसायच्या, आणि समोर दोनशे लिटर पाणी.

डॉक्टर म्हणाले होते, कशाला डोळ्यांसमोर ठेवता, तहान वाढते. कुंदाबाई मला नंतर सांगत होत्या, "मले पाणी बंद आहे, मान्य. त्यायले काहून बंद करू?"

माझा नंबर लागला तो असाच एका शुक्रवारी. डायलिसिसहून आल्या दिवशी त्यांच्यात उभं राहायचंही त्राण नसे. मी गेलो तेव्हा दार उघडंच होतं. त्या जमिनीवर बसलेल्या, शेजारी अर्धी भरलेली बादली, फिल्टर गुरगुरतोय. मी बादली उचलून पाणी ओतलं आणि मोठ्या शहाणपणानं म्हणालो की कॉलेजच्या झूलॉजीवाल्यांना टँक देऊन टाकू, तिथं मासे मजेत राहतील.

त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही घरी जा."

पंधरा दिवसांनी फोन आला. बाकी काही न बोलता म्हणाल्या, "पाण्याचा दाब तुम्हीच शिकवत होते ना? या."

कूलरमध्ये पाणी आपोआप भरावं म्हणून जो फ्लोट लावतात, तो त्यांनी घेऊन ठेवला होता. पाणी उतरलं की फुगा खाली येतो, तोटी उघडते. पाणी चढलं की फुगा वर, तोटी बंद. छतावरच्या टाकीच्या नळाला नळी लावून तो टँकच्या काठावर बसवला. जड पाणी नको म्हणणाऱ्या बाई यावेळी गप्प होत्या, कारण रोज बादली उचलण्यापेक्षा हे बरं. पुढे त्या एवढंच म्हणायच्या, "घाई केली."

दहा-बारा दिवस छान गेले. एका बुधवारी मी त्यांना सेंटरहून घेऊन आलो. कुलूप काढायच्या आधीच दाराखालून पाणी येताना दिसलं. आत घोट्यापर्यंत पाणी, नळ चालूच, टँक काठोकाठ वाहतोय. छतावरच्या टाकीतलं तापलेलं, औषध मारलेलं पाणी दुपारभर त्यात पडत राहिलं होतं. अकरातले सात मासे आडवे तरंगत होते.

शेजारच्या दोघी-तिघी धावत आल्या. त्यातल्या एकीनं मेधाला फोन लावून दिला. मेधा पुण्यात नोकरीला. रायपुरात वाढलेली, मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मम्मी, बस हो गया अब। आप गिर जातीं तो?" कुंदाबाई म्हणाल्या, पडली नाही ना. आणि फोन ठेवून दिला.

मग उजव्या हातानं एकेक मासा काढून त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवला. मी पाणी काढत होतो. फरशी कोरडी झाल्यावर त्यांनी फ्लोट सोडवून आणायला सांगितला आणि डोळ्यांजवळ धरला. फुग्याच्या दांडीखाली टँकमधलीच एक मुगाएवढी गोगलगाय अडकलेली होती. तिच्यामुळे फुगा वर जायचा थांबला होता.

मी म्हणालो, एवढ्याशा जिवानं केवढा घात केला.

"तिनं काय केलं?" त्या म्हणाल्या. "ती तिच्या रस्त्यानं चालून राहिली होती. ती कुठून जाईल हे मी पाहाले पाहिजे होतं." आणि गोगलगाय त्यांनी परत पाण्यात सोडली.

मला वाटलं, संपलं. पुढचे दोन आठवडे त्यांनी त्या चार माशांसाठी बाटलीबाटलीनं पाणी टाकलं, एका हातानं, दर बाटलीनंतर खुर्चीत बसून. आणि डायलिसिसच्या सेंटरवर साहू नावाच्या टेक्निशियनचं डोकं खाल्लं. मशीनवर पडल्या पडल्या एकेक नळी दाखवून विचारायच्या. ही अडकली तर काय? हवा शिरली तर? हा चिमटा नाही लागला तर? तो बिचारा आधी सलाम करून सटकायचा, मग त्याला गोडी लागली. शेजारच्या खाटेवर बीरगांवहून येणारी देवकी असायची, नवरा एका कारखान्यात कामाला. तीही कान देऊन ऐकायची. एक दिवस साहू म्हणाला, "दीदी, मशीन किसी एक चीज़ पर भरोसा नहीं करती।" कुंदाबाईंनी संध्याकाळी मला फोन करून हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाल्या की आपण एका फुग्याच्या भरवशावर सगळं घर सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तात्यापाऱ्यातल्याच एका नळाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझ्याकडे पाहून विचारलं, काय हवं. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. तो त्यांना म्हणाला, बहनजी, प्लंबरला पाठवा, त्याला समजेल.

"भैया, प्लंबर मैं ही हूँ," कुंदाबाई म्हणाल्या. "सबसे छोटा वाला फ्लोट दिखाओ। दो।"

तासभर त्यांनी तिथं फ्लोट फुंकून पाहिले. शेवटी दुकानदारानं स्टूल आणून दिलं आणि स्वतःच खोकी उघडू लागला.

जी जोडणी झाली ती अशी. घराच्या नळाशी संबंध तोडला. आरओचं पाणी एका झाकणाच्या ड्रममध्ये साठवायचं, तो टँकहून उंच, लोखंडी घडवंचीवर. आरओची नळी थेट ड्रममध्ये, म्हणजे उचलायचं काही नाही. ड्रममधून मेडिकलमधून आणलेली नवी सलाईनची नळी, तिच्यावरची धार कमीजास्त करायची चकती इतकी आवळलेली की पुढचा फ्लोट कितीही उघडला तरी पाणी थेंबानंच पडणार. पुढे एकामागे एक दोन फ्लोट, पहिला अडकला तर दुसरा बंद करील, आणि दोघांभोवती चहाची गाळणी, गोगलगायीसाठी. ड्रमात पाणी टाकायचं तेही मोजकंच. "सगळंच्या सगळं बिघडलं तरी ड्रमात जेवढं आहे तेवढंच येईल. त्यानं टँक वाहत नाही. मी मोजून पाहिलं." मी फिजिक्सचा माणूस, मीही वहीत मोजून पाहिलं. वाहत नव्हता.

मेधा उन्हाळ्याच्या सुटीत आली तेव्हा टपटप थेंब पडत होते. तिनं ते वाकून पाहिलं. पण पुण्यात तिनं आईसाठी डायलिसिसची जागा बघून ठेवली होती, कायमची. तिचं चूक नव्हतं. एकुलती एक मुलगी, हजार किलोमीटरवर. रडली, भांडली. शेवटी कुंदाबाई म्हणाल्या, "दहा दिवस येते. माह्या मागं मासे मेले तर तिथंच राहते. जिवंत राहिले तर हा विषय पुन्हा काढाचा नाही." मेधा माझ्याकडे वळून म्हणाली, "अंकल, आप गवाह हैं।"

किल्ली माझ्याकडे आली. अट अशी की एक दिवसाआड जाऊन चिमूटभर दाणे टाकायचे, पाणी एक थेंब नाही. पंखा चालू, ड्रम भरलेला. गाडीत बसतानासुद्धा त्यांनी मला ते दोनदा बजावलं.

पाच दिवस सगळं व्यवस्थित होतं. सातव्या दिवशी दुपारी गेलो तर फिल्टरची गुरगुर दारातूनच ऐकू आली. पाणी दोन बोटं उतरलेलं. थेंब पडत नव्हते. चारही मासे वरच्या बाजूला येऊन तोंड उघडत होते.

इथं एक गोष्ट लिहायची आहे, जी मी त्यांना कधी सांगितली नाही. मी ताबडतोब फोन केला नाही. मी खुर्चीत बसलो. मनात आलं, काहीही करू नये. उद्यापर्यंत मासे मरतील, त्या पुण्याला मुलीजवळ राहतील, त्यांना हातपाय दुखले तर पाणी द्यायला माणूस असेल. कुणी मला दोष देणार नाही, उलट सगळे म्हणतील झालं ते बरं झालं. दहा मिनिटं तरी मी तसा बसलो असेन. समोर मासे तोंड उघडत होते. मग मला परीक्षेचा तो दिवस आठवला. माहीत असून मी गप्प उभा राहिलो होतो. मी उठून बादली उचलली, नळाखाली धरली आणि दुसऱ्या हातानं फोन लावला.

फोन मेधानं उचलला. कुंदाबाई त्या वेळी पुण्याच्या सेंटरवर मशीनलाच होत्या. तिनं फोन त्यांच्या कानाला लावला.

"नळाचा आवाज येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "बादली खाली ठेवा सर."

मी ठेवली.

त्यांनी विचारलं, ड्रमात पाणी आहे का. होतं. चकतीच्या वर नळी भरलेली आहे का. होती. आणि खाली? खाली, फ्लोटच्या अलीकडे, बोटाएवढी हवा अडकलेली दिसत होती. त्या म्हणाल्या की चकती पूर्ण सैल करा, नळी सरळ उभी धरा आणि बुडबुड्याच्या खाली टिचकी मारा, साहू मारतो तशी. साहूला मी कधी पाहिलं नव्हतं, पण टिचकी मारली. तिसऱ्या टिचकीला बुडबुडा हलला आणि वर सरकत गेला. धार लागली. मग त्यांनी सांगितलं तशी चकती आवळत गेलो आणि फोनमध्ये थेंब मोजून दाखवले, मिनिटाला किती ते. त्या म्हणाल्या, अजून थोडं. बस. संध्याकाळी फिल्टर परत चालू झाला तेव्हा मी तिथंच होतो.

रात्री जेवणाच्या सुमारास मेधाचा फोन आला. तिचा आवाज वेगळाच होता. ती म्हणाली, "अंकल, मम्मी ने आँखें बंद करके सब बता दिया। नर्स लोग खड़े होकर सुन रहे थे।" मग तिनं विचारलं, हे अटीत बसतं का, तुम्ही हात लावलात ना. मी म्हटलं, मी पाणी टाकलं नाही. मागून कुंदाबाईंचा आवाज आला, "टिचकी म्हणजे पाणी नाही."

अकराव्या दिवशी त्या परत आल्या. स्टेशनवरून थेट घरी. आत जाऊन टँकपुढे वाकल्या, बोटानं चारही मासे मोजले, आणि मग पाणी मोजून प्याल्या. मेधानं तो विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या वेळी ती आली तेव्हा तिनंच ड्रम घासला.

त्या पावसाळ्यात उरलेल्या चारांतल्या एका जोडीनं पानावर अंडी घातली. एवढं सोसलेल्या माशांनी अंडी घालावीत याचं मला आश्चर्य वाटलं. कुंदाबाईंना अजिबात नाही.

पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर त्या गेल्या. शेवटचे काही दिवस हॉस्पिटलात, तिथं मी गेलो होतो. पण नळ्यांमधल्या त्या बाई मला आठवत नाहीत, आणि आठवायच्याही नाहीत.

आठवतो तो डिसेंबरातला एक रविवार. बीरगांवच्या देवकीनं घरासाठी दोन फुटी टँक घेतला होता, आणि कुंदाबाई तिला पिल्लं द्यायला निघाल्या होत्या. पायांवर सूज होती, जिना उतरताना थांबत होत्या. मी म्हटलं, पिशवी माझ्याकडे द्या, मी पोचवतो. नाहीतर देवकी उद्या सेंटरवर येईलच, तिथं देता येईल.

"मासे पोचवता येतात सर," त्या म्हणाल्या. "तिले जोडणी शिकवाची आहे. तिचाही एक हात बंद आहे. ते कोण शिकवील, तुम्ही?"

ऑटोत बसल्या. मांडीवर पाण्याची फुगलेली पिशवी, त्यात नखाएवढे तीन-चार पतंग. डावा हात अंगापासून दूर, सांभाळून धरलेला. मी म्हटलं, मग मी पण येतो. त्यांनी मान हलवली, नको. ऑटो सुटला. गल्लीच्या टोकाशी मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, ऑटो थांबला आणि ड्रायव्हर हात सोडून बसला. मी दारातून पाहत होतो. कुंदाबाईंनी उजवा हात बाहेर काढला आणि उलट्या बाजूच्या बोळाकडे दाखवला. ड्रायव्हरनं मान वळवून काहीतरी म्हटलं, जमणार नाही असं असावं. हात तसाच राहिला, त्याच दिशेनं, खाली आला नाही.

मग ऑटो वळला आणि त्या बोळात शिरला.